पिन बसत नाही! गेमच्या कंट्रोलरची साठ वर्षांची गोष्ट

दुपारची कामं आवरून, निवडायला घेतलेलं ताट मांडीवर ठेवून रेडिओ लावला असेल, तर तसंच राहू द्या. हातानं निवडत राहा आणि कानानं ऐका. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आजवर आपण बियाण्याची पेटी, रेशनकार्ड, शिलाई मशीन यांच्या गोष्टी ऐकल्या. आज ऐकायची आहे गेमच्या कंट्रोलरची. पोरं ज्याला ‘रिमोट’ म्हणतात, दोन्ही हातांत धरून बोटांनी बटणं दाबतात, तो.

तुम्ही म्हणाल, आपला आणि त्याचा काय संबंध? आम्हीही हेच म्हणालो होतो, आणि तिथंच चुकलो.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्जातून सातशे रुपये घेतले. कारण लिहिलं ‘मुलीचं शिक्षण’. पुढच्या बैठकीत कळलं की त्या पैशांतून वही-पुस्तक नाही, गेमचा कंट्रोलर आणलाय. मग काय, सगळ्या जणी तुटून पडल्या. एक मावशी म्हणाल्या, “पोरीला गेम खेळायला गटाचा पैसा?” ताई खाली मान घालून बसल्या. जरा वेळानं पिशवीतून कंट्रोलर काढून त्यांनी सतरंजीवर ठेवला आणि म्हणाल्या, “तोही चालंना. पिनच बसत नाही मोबाईलला. दुकानदार परत घेत नाही. म्हणतो, दुसरा घ्या.”

ताईंची मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी कडबाकुट्टीत तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण पोरगी हात पदराआड लपवायला शिकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेली बोटं वापरत राहा, नाहीतर हात आखडेल. मोबाईलच्या काचेवर तिला नीट जमत नव्हतं. पुण्याच्या मामेभावानं सुचवलं की कंट्रोलरवर बटणं उठावाची असतात, बोटाला लागतात, जमेल. म्हणून ताईंनी तो आणला होता. हे ऐकल्यावर बैठकीत कुणी काही बोललं नाही. आम्हीसुद्धा नाही.

पण प्रश्न उरला. पिन का बसत नाही? एकाच कामाच्या वस्तूला इतक्या तऱ्हेच्या पिना कशाला? उत्तर शोधायला लागलो तेव्हा साठ वर्षांपेक्षा जास्त जुना इतिहास हाती लागला. तोच आज सांगतो.

आधी पिनच नव्हती

पहिली गोष्ट 1958 सालची, अमेरिकेची. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन नावाची मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे. विल्यम हिगिनबॉथम हे तिथले शास्त्रज्ञ. प्रयोगशाळा बघायला वर्षातून एकदा लोकांना बोलावत. पण लोक येऊन बघणार काय? नुसती यंत्रं आणि तक्ते. हिगिनबॉथम यांनी ठरवलं, लोकांना हात लावता येईल असं काहीतरी करू. त्यांनी विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. खेळायला दोन डबे केले. प्रत्येक डब्याला फिरवायची एक खुंटी आणि दाबायचं एक बटण. खुंटी फिरवून चेंडूची दिशा ठरवायची, बटण दाबून चेंडू मारायचा. लोकांनी रांगा लावल्या. पण हिगिनबॉथम यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. पेटंटही घेतलं नाही. नंतर ते सगळं सुटं करून त्याचे भाग दुसऱ्या कामाला वापरले. ते डबे त्या एकाच यंत्राचे होते. काढून दुसरीकडे लावायचा प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट 1962 ची. अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेत पीडीपी-1 नावाचा कपाटाएवढा संगणक होता. स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. दोन अवकाशयानं एकमेकांवर मारा करतात. खेळायला संगणकाच्या अंगावरच्या छोट्या कळा वर-खाली कराव्या लागत. खेळून खेळून पोरांची कोपरं दुखायला लागली. शिवाय एका खेळाडूला पडदा नीट दिसे, दुसऱ्याला तिरका. मग अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब साँडर्स या दोघांनी इकडचे तिकडचे सुटे भाग जमवून हातात धरायचे वेगळे डबे केले आणि वायरीनं संगणकाला जोडले.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. हा डबा डौलासाठी नाही, दुखऱ्या कोपरासाठी झाला. यंत्राला माणसाच्या हाताशी जुळवून घ्यावं लागलं. ही गोष्ट शेवटी आपल्याला परत लागणार आहे.

टीव्हीला जोडलेला डबा

राल्फ बेअर यांचा जन्म जर्मनीतला, ज्यू कुटुंबातला. हिटलरच्या राजवटीत ज्यूंना जगणं अवघड झालं, तेव्हा 1938 मध्ये, सोळा वर्षांचे असताना, ते कुटुंबासोबत अमेरिकेला निघून गेले. पुढं ते इंजिनियर झाले. 1966 मध्ये त्यांच्या मनात आलं की घरोघरी टीव्ही आहेत, पण लोक नुसते बघत बसतात. टीव्हीशी खेळता आलं तर? त्यांनी चार पानांचं टिपण लिहिलं आणि पुढच्या काही वर्षांत दोन सहकाऱ्यांसोबत एक यंत्र तयार केलं. त्यावर लाकडासारखा दिसणारा तपकिरी कागद चिकटवलेला होता, म्हणून त्याला ‘ब्राऊन बॉक्स’, म्हणजे तपकिरी डबा, म्हणतात.

हेच यंत्र 1972 मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ या नावानं बाजारात आलं. घरी टीव्हीला जोडून खेळायचं ते जगातलं पहिलं यंत्र. त्याला धड चित्रंही दाखवता येत नसत. म्हणून सोबत रंगीत पारदर्शक कागद देत, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. गुणही मोजता येत नसत, ते कागदावर लिहायचे. पण कंट्रोलर वायरीनं यंत्राला जोडायची पद्धत इथून घराघरात शिरली.

नऊ टाचण्यांची पिन

1977 मध्ये अटारी कंपनीचं यंत्र आलं. त्याचा कंट्रोलर म्हणजे उभी दांडी आणि एक लाल बटण. त्याच्या वायरीच्या टोकाला नऊ बारीक छिद्रांची पिन होती. काम अगदी सोपं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि बटण अशा पाच गोष्टींना पाच वायरी, आणि सगळ्यांची मिळून एक सामाईक वायर. दांडी वर ढकलली की ‘वर’ची वायर सामाईक वायरीला चिकटते आणि यंत्राला कळतं. आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणासारखं.

ही नऊची पिन इतकी साधी होती की इतर कंपन्यांनीही ती उचलली. कमोडोर कंपनीच्या घरगुती संगणकालाही अटारीची दांडी चालायची. कुणी बैठक घेतली नव्हती, नियम केला नव्हता. सोय दिसली म्हणून सगळ्यांनी तीच वाट धरली, पायवाट पडते तशी.

पण पायवाटेवर कुंपण पडायला वेळ लागत नाही. 1983 मध्ये जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचं ‘फॅमिकॉम’ आलं. त्याचे दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले. त्यांवर गुन्पेई योकोई यांनी आणलेलं अधिकच्या चिन्हासारखं बटण होतं. ते योकोई यांनी आधी 1982 च्या हातात धरायच्या छोट्या खेळात वापरलं होतं. आजही बहुतेक कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली तेच दिसतं.

फॅमिकॉमच्या कंट्रोलरची एक हुशारी आम्हाला फार आवडली. त्याला आठ बटणं होती. अटारीच्या हिशेबानं आठ वायरी लागल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी हजेरीची पद्धत वापरली. यंत्र सेकंदाला साठ वेळा कंट्रोलरची हजेरी घेतं. पहिलं बटण? गैरहजर. दुसरं? हजर. तिसरं? गैरहजर. अशी आठही उत्तरं एकाच वायरीवरून ओळीनं येतात. बैठकीत आपण हजेरी घेतो ना, अगदी तशीच. आपल्या हजेरीला दहा मिनिटं लागतात, एवढाच फरक.

1985 मध्ये हेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत आलं, तेव्हा कंट्रोलरला काढता-लावता येणारी पिन मिळाली. पण ती निन्टेंडोची स्वतःची, दुसऱ्या कुणाच्या यंत्रात न बसणारी. पुढं दर काही वर्षांनी नवं यंत्र आणि नवी पिन. 1994 मध्ये सोनी कंपनीचं प्लेस्टेशन आलं, त्याची वेगळीच. 1996 मध्ये निन्टेंडोचं पुढचं यंत्र आलं, त्याची आणखी वेगळी. जुनी पिन नव्या यंत्राला बसत नाही, म्हणजे चांगला चालणारा कंट्रोलरही माळ्यावर जातो आणि नवा घ्यावा लागतो.

हे आपल्याला नवीन नाही. एका कंपनीच्या कुकरची रिंग दुसऱ्या कुकरला बसत नाही. पूर्वी मोबाईलच्या चार्जरची बारीक पिन आणि जाड पिन असायची, आठवतंय? शेजारणीकडं चार्जर मागायला गेलं की पहिला प्रश्न, “बारीक का जाड?” कधी या वेगळेपणाला तांत्रिक कारण असतं. पण गिऱ्हाईक बांधून ठेवायचा फायदाही त्यात असतोच.

आपल्याकडचा टीव्ही गेम

आपल्यातल्या तिशी-पस्तिशीच्या बायकांना नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम आठवत असेल. कुणाच्या तरी मामाकडं असायचा. पिवळी कॅसेट, मारियो, बदकं मारायची बंदूक. ती बहुतेक यंत्रं फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांतल्या बऱ्याच कंट्रोलरना तीच नऊ छिद्रांची पिन असायची. दिसायला अटारीसारखी, पण आतल्या वायरींचं काम वेगळं. म्हणजे पिन बसायची, पण कंट्रोलर चालायचा नाही. तेव्हा हे लक्षात ठेवा, पिन बसणं वेगळं आणि बोलणं जुळणं वेगळं. दोन्ही जमलं तरच काम होतं.

आणि आणखी एक आठवण. दोन कंट्रोलर असायचे, ते भावांच्या हातात. आम्ही पोरी मागं बसून बघायचो. आपली पाळी यायची तोवर जेवायची हाक यायची.

संगणकाच्या पाठीमागची गर्दी

तिकडं संगणकाचं वेगळंच चाललं होतं. 1981 मध्ये आयबीएम कंपनीचा घरगुती संगणक आला. त्याला गेमची दांडी जोडायला वेगळं कार्ड घ्यावं लागे. त्याची पिन पंधरा टाचण्यांची. दांडी किती कलली आहे हे कळायला संगणक एक छोटा विजेचा साठा भरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. दांडी एका बाजूला कलली की लवकर भरतो, दुसऱ्या बाजूला कलली की उशिरा. बारीक नळाखालची घागर आणि मोठ्या नळाखालची घागर यांतला फरक समजा. अडचण ही की प्रत्येक दांडीचं माप थोडं वेगळं. म्हणून खेळायच्या आधी दांडी चारी कोपऱ्यांत फिरवून संगणकाला तिची सवय करून द्यावी लागे. आणि संगणकाला हेही कळत नसे की आपल्याला नक्की काय जोडलंय.

त्या काळी संगणकाच्या पाठीमागं नुसती छिद्रांची गर्दी. कीबोर्डचं वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरचं वेगळं, गेमचं वेगळं. काही नवीन जोडलं की संगणक बंद करून परत चालू करा, सीडी टाका, नशीब असेल तर चालेल. साध्या माणसाच्या हातचं ते काम नव्हतं.

सात कंपन्यांची बैठक

इथं आपल्या जवळचा एक धागा येतो. अजय भट्ट यांचा जन्म 1957 चा, बडोद्याचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, पुढं न्यूयॉर्कला शिकले आणि 1990 मध्ये इंटेल कंपनीत लागले. घरच्यांना साधं छापायचं काम करताना प्रिंटर जोडायला किती त्रास होतो, हे ते बघत होते. भिंतीतल्या विजेच्या छिद्रात जशी कोणतीही वस्तू लावली की चालते, तसं संगणकाचं का नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

1994 मध्ये सात कंपन्या यासाठी एकत्र आल्या. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. त्यांतल्या काही बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. पण एकटीनं पिन काढली तर ती आणखी एक पिन होईल, सगळ्यांनी मिळून काढली तरच ती सगळ्यांची होईल, हे त्यांना पटलं. आम्हाला तर हा सात जणींचा बचत गटच वाटला. 1996 च्या जानेवारीत यूएसबीचा पहिला नियमसंच आला. आज चार्जरच्या वायरीला, पेनड्राईव्हला जी चपटी पिन असते, ती हीच. या कामातल्या पेटंटचा मोबदला न मागता ते सर्वांना वापरू दिलं, म्हणून लहान कंपन्याही ती पिन बनवू शकल्या आणि वस्तू स्वस्त झाल्या. 2013 मध्ये भट्ट यांना युरोपातला मोठा संशोधक पुरस्कार मिळाला.

बडोद्याचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांच्या नावाचं ते विद्यापीठ, ते महाराजा सयाजीराव गायकवाड जन्मले आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात, शेतकऱ्याच्या घरी, 1863 मध्ये. 1875 मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. 1906 मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींसाठीसुद्धा. 1890 मध्ये त्यांनी कलाभवन ही हातकामाचं आणि तंत्राचं शिक्षण देणारी संस्था काढली. आपले दादासाहेब फाळके तिथंच शिकले. पुढं तेच कलाभवन या विद्यापीठाचा अभियांत्रिकी विभाग झालं. एखादी शाळा काढली की शंभर वर्षांनी तिची फळं कुठं आणि कुणाच्या हाती पडतील, सांगता येत नाही.

पिनेनं घेतलेला उखाणा

यूएसबीत नवीन काय होतं? उंबऱ्यावर आलेल्या नव्या सुनेला आपण आधी नाव घ्यायला लावतो ना? तसंच यूएसबीची वस्तू जोडली की ती आधी आपलं नाव सांगते. मी अमुक कंपनीची, माझा क्रमांक तमुक. मी माऊस आहे, किंवा मी कंट्रोलर आहे, मला बारा बटणं आणि दोन दांड्या आहेत. मग संगणक तिला आत घेतो. म्हणून संगणक बंद न करता पिन लावता-काढता येते.

तरी कुंपणं लगेच गेली नाहीत. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स आलं. त्याच्या कंट्रोलरमध्ये आतून यूएसबीच होतं, पण बाहेरची पिन मुद्दाम वेगळ्या आकाराची. म्हणजे भाषा तीच, दार वेगळं. 2005 च्या पुढच्या एक्सबॉक्समध्ये वायरीच्या कंट्रोलरला साधी यूएसबी पिन आली, आणि तो सरळ संगणकाला लागू लागला.

आणि हो, यूएसबीची चपटी पिन कायम उलटी का लागते? दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करता आली असती, पण तिचा खर्च वाढला असता, असं भट्ट यांनीच नंतर सांगितलं. ती सोय 2014 मध्ये टाईप-सी पिनेत आली.

वायर गेली, ओळख आली

आता बिनतारी जोडणी. 1994 मध्येच स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत ब्लूटूथचं काम सुरू झालं. याप हार्टसेन हे त्यातले मुख्य इंजिनियर. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी यासाठी गट केला. पुन्हा गटच! नाव ठेवलं हजार वर्षांपूर्वीच्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं. त्यानं वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या होत्या. मोबाईलवरची ती निळी खूण म्हणजे त्याच्या नावाची जुन्या लिपीतली दोन अक्षरं आहेत.

ब्लूटूथ एका जागी बोलत नाही. पहिल्यापासूनची पद्धत अशी की 79 मार्गांवर सेकंदाला 1600 वेळा जागा बदलत राहायचं. लंगडी घालणाऱ्या पोरीसारखं, या घरातून त्या घरात. त्यामुळं आजूबाजूच्या इतर लहरींची धडक कमी बसते. उड्या मारत बोलायची ही कल्पना जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात एका बाईचं नाव आहे. हेडी लमार. व्हिएन्नात जन्मलेली, हॉलिवूडची प्रसिद्ध नटी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला अडवता येऊ नयेत अशा रीतीनं पाणतीर बिनतारी चालवायचे, यासाठी तिनं संगीतकार जॉर्ज अँथाईल यांच्यासोबत एक युक्ती काढली. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच 88 लहरींवर उड्या मारत संदेश पाठवायचा. 1942 मध्ये दोघांना पेटंट मिळालं. नौदलानं तेव्हा ते वापरलं नाही. लोकांनी तिचं रूप पाहिलं, डोकं पाहिलं नाही. ब्लूटूथ तिनं केलं असं म्हणणं बरोबर नाही, पण त्या वाटेवर ती फार आधी चालून गेली होती. मेल्यानंतर, 2014 मध्ये, अमेरिकेनं तिचं नाव मोठ्या संशोधकांच्या यादीत घेतलं.

2006 मध्ये निन्टेंडोचं ‘वी’ आणि सोनीचं प्लेस्टेशन 3 आलं. दोन्हींचे कंट्रोलर ब्लूटूथवर चालत. अँड्रॉइडमध्ये कंट्रोलरची सोय 2011 मध्ये आली. अ‍ॅपलनं 2013 मध्ये दार उघडलं, पण आपल्या परवानगीच्याच कंट्रोलरना. 2019 मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे ब्लूटूथ कंट्रोलरही आयफोनला लागू लागले. एका कंपनीची वस्तू दुसऱ्या कंपनीच्या फोनला! आणि 28 डिसेंबर 2024 पासून तर युरोपातल्या देशांनी नव्या मोबाईलना टाईप-सी पिन कायद्यानंच सक्तीची केली.

हाताला जुळेल असं

आता त्या दुखऱ्या कोपराकडं परत येऊ. ज्यांना दोन हात, दहा बोटं नाहीत, त्यांनी काय करायचं? 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपंग खेळाडूंसाठी एक वेगळा कंट्रोलर आणला. वर दोन मोठी गोल बटणं, तळहातानं, कोपरानं किंवा पायानं दाबता येतील अशी. पाठीमागं 19 साधी गोल छिद्रं, हेडफोनची पिन बसते तशी. त्यांत पायानं दाबायचं बटण लावा, मोठं बटण लावा, ज्याला जे जमेल ते लावा. त्याचं खोकंसुद्धा एका हातानं उघडेल असं, ओढायला फासे असलेलं. सोनीनंही 2023 मध्ये असा कंट्रोलर काढला. हे महाग आहेत, आपल्या गावात मिळत नाहीत, हे खरं. पण पिन साधी आणि सगळ्यांची ठेवली की शेवटच्या माणसालाही ती वापरता येते, हे त्यातून आम्हाला कळलं.

आता जोडायचं कसं?

ताईंच्या कंट्रोलरची पिन बघितली तर ती चपटी, मोठी यूएसबी. मोबाईलला टाईप-सी. खराब काहीच नव्हतं. मधे एक छोटा ओटीजी जोड हवा होता, बस. तालुक्याच्या बाजारात तो शंभराच्या आत मिळाला. नवा कंट्रोलर घ्यायची गरजच नव्हती.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी वस्तू आली तर हे बघा.

एक, आधी पिन बघा. मोबाईल सोबत घेऊन दुकानात जा, आणि जोडून, चालवून मगच पैसे द्या.

दोन, वायरीचा कंट्रोलर संगणकाला सरळ लागतो. मोबाईलला ओटीजी लागतो, आणि मोबाईलमध्ये ओटीजीची सोय आहे का ते विचारा.

तीन, ब्लूटूथचा असेल तर आधी कंट्रोलरला ‘मी इथं आहे’ असं सांगायला लावायचं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला वर छोटं बटण असतं, ते दाबून धरायचं. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला ‘शेअर’ आणि मधलं ‘पीएस’ अशी दोन बटणं एकदम धरायची. नव्या मॉडेलवर ‘शेअर’च्या जागी ‘क्रिएट’ असतं. दिवा लुकलुकला की मोबाईलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, नाव दिसेल, त्यावर बोट ठेवा. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी आपोआप जोडतं. जोडत नसेल तर जुनी ओळख पुसून परत करा.

चार, काही स्वस्त कंट्रोलरसोबत छोटी खुंटी येते. ती हरवली तर कंट्रोलर बिनकामाचा. डबीत जपून ठेवा.

पाच, जोडलं तरी प्रत्येक गेम कंट्रोलर ओळखतोच असं नाही. गेममध्येही ती सोय लागते. आणि कंट्रोलर जोडायला कुणी ओटीपी किंवा बँकेची माहिती मागितली तर समजा, तो माणूस कंट्रोलरचा नाही, तुमच्या पैशाचा आहे.

ओटीजी लावला तेव्हा ताईंच्या घरी आम्ही चौघी होतो. दिवा लागला. पोरगीनं हात पदराआडून काढला. पहिल्यांदा गाडी झाडावर आदळली, दुसऱ्यांदाही. भाऊ हसला, म्हणाला, “दे इकडं.” ती म्हणाली, “थांब, माझी पाळी आहे.” बैठकीत बोलणाऱ्या त्या मावशी तिथंच होत्या. त्याच म्हणाल्या, “खेळू दे तिला.”

पुढच्या बैठकीत ठरावाच्या वहीत आम्ही नोंद केली, की ताईंनी कर्जाचं लिहिलेलं कारण बरोबर आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. आणि आणखी एक ठरवलं. पोरासाठी काही घेतलं तर आपण जे प्रश्न विचारत नाही, ते पोरीसाठी घेतल्यावरही विचारायचे नाहीत. विचारायचेच असतील, तर दोघांसाठी सारखे.

तुमच्याही घरात माळ्यावर एखादा न बसणाऱ्या पिनेचा कंट्रोलर, चार्जर, वायर पडली असेल. पुढच्या बैठकीला घेऊन या. सतरंजीवर मांडू, कुणाची पिन कुठं बसते ते बघू. मोडीत द्यायच्या आधी एकदा एकमेकींना विचारू.